बुखारी घरांतील भिंतीवरचे गालिचे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्य आशियातून स्थलांतर केलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या बुखारी जोडप्याच्या घरी गेले, मग ते घर न्यूयॉर्कमध्ये असो की तेल अवीवमध्ये, तर सोफ्यामागची भिंत सहसा दिसत नाही. ती गडद लाल गालिच्याने झाकलेली असते. जी वस्तू आपण जमिनीवर अंथरतो, ती यांनी भिंतीवर का टांगली, हा प्रश्न पाहुण्याला पडतोच, आणि त्याचे उत्तर ‘थंडीसाठी’ एवढ्या एका शब्दात दिले जाते. ते उत्तर चुकीचे नाही, पण फार अपुरे आहे. या विषयावर नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे सविस्तर दिली आहेत.

‘बुखारी’ म्हणजे नेमके कोण?

या पानापुरता ‘बुखारी’ हा शब्द बुखारी ज्यूंसाठी वापरला आहे. बुखारा, समरकंद, शहरिसब्ज, ताश्कंद, कोकंद, दुशान्बे अशा शहरांत शतकानुशतके राहिलेला हा फारसी भाषक ज्यू समाज आहे. त्यांची बोली ‘बुखोरी’ ही ताजिक-फारसीचेच एक रूप आहे. बुखाराच्या अमिराच्या राज्यावरून त्यांना हे नाव पडले. १८६८ मध्ये समरकंद रशियाच्या ताब्यात गेले, बुखाराचे अमीर रशियाचे मांडलिक झाले, आणि १९२० मध्ये लाल सैन्याने ते राज्यच संपवले. पुढे १९७० च्या दशकात बरीच कुटुंबे इस्राएलला गेली, काही व्हिएन्नात राहिली, आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटल्यानंतर उरलेल्यांपैकी बहुतेक इस्राएलला आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात पोहोचले. फॉरेस्ट हिल्स आणि रेगो पार्क ही तिथली त्यांची वस्ती आता चांगलीच प्रसिद्ध आहे.

भिंतीवर गालिचे टांगण्याची प्रथा मात्र एकट्या ज्यूंची नाही, हे आधीच सांगायला हवे. त्यांचे उझबेक आणि ताजिक शेजारीही तेच करत आले आहेत. धर्म वेगळा, पण घर सजवण्याची रीत एकच, अशी ही गोष्ट आहे.

ही प्रथा मुळात कुठून आली?

तिला दोन उगम आहेत, आणि ते एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत.

पहिला उगम भटक्या पशुपालकांच्या तंबूचा. तुर्कमेन, कझाक, किरगिझ या लोकांचा गोल तंबू म्हणजे लाकडी जाळीचा सांगाडा आणि त्यावर नमद्याचे, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीचे, आवरण. अशा घरात कपाट नाही, फडताळ नाही, खुंटी ठोकायला भिंत नाही. मग सामान ठेवायचे कुठे? त्याचे उत्तर विणलेल्या पिशव्यांत सापडते. तुर्कमेन स्त्रिया मोठ्या ‘चुवाल’ आणि लहान ‘तोरबा’ अशा पिशव्या विणत आणि त्या तंबूच्या जाळीला टांगत. पिशवीची दर्शनी बाजू गाठींच्या गालिच्याची असे, त्यामुळे कपाट आणि शोभा दोन्ही एकाच वस्तूत साधत. दाराला ‘एंगसी’ नावाचा गालिचाच पडद्यासारखा लावत. कझाक आणि किरगिझ घरांत झोपण्याच्या जागेमागे भरतकाम केलेला ‘तुसकिइझ’ टांगत. म्हणजे मध्य आशियात विणलेली वस्तू उभी टांगणे हा जमिनीवरून भिंतीवर गेलेला अपवाद नव्हताच. कितीतरी वस्तू मुळातच उभ्या टांगण्यासाठी विणल्या जात होत्या.

दुसरा उगम शहरी घराचा. त्याचे उत्तर थोडे लांब आहे, म्हणून त्याला वेगळा प्रश्न दिला आहे.

जुन्या बुखारी घरात भिंतीवर काय काय असे?

बुखारातल्या पारंपरिक घराला ‘हवली’ म्हणतात. आपल्या ‘हवेली’चेच हे भावंड आहे. रस्त्याच्या बाजूने पाहिले तर कोरी मातीची भिंत आणि एक लाकडी दार. आत गेल्यावर अंगण आणि अंगणाभोवती खोल्या. त्यांतली सर्वांत देखणी खोली ‘मेहमोनखोना’, म्हणजे पाहुण्यांची खोली. ज्यू घरांचीही रचना हीच असे. अमिराच्या काळात ज्यूंना शहरात घोड्यावर बसण्याची मनाई होती आणि कमरेला पट्ट्याऐवजी दोरी बांधावी लागे, त्यामुळे त्यांनी आपली समृद्धी भिंतींआड लपवली असे कोणी कोणी लिहितात. यात तथ्य असेलही, पण रस्त्याकडे पाठ केलेले घर ही बुखारात सगळ्यांचीच रीत होती, मुसलमान व्यापाऱ्यांचीसुद्धा; तेव्हा प्रत्येक गोष्टीचा अर्थ भीतीशी जोडणे आम्हाला योग्य वाटत नाही.

मेहमोनखोन्यात बसल्यावर नजर कशी फिरत असेल, ते पाहू. भिंतीत ओळीने कोनाडे, त्यांना ‘तोकचा’ म्हणतात. त्यांत चिनी मातीचे वाडगे आणि चहाची भांडी. एका मोठ्या खोल कोनाड्यात ‘कुरपाचा’ म्हणजे लांबट गाद्यांची चळत, आणि त्या चळतीवर भरतकाम केलेले वस्त्र, कारण उघडी गादी पाहुण्याला दाखवायची नसते. छताच्या लगत, खोलीच्या चारी बाजूंनी फिरणारी भरतकामाची अरुंद पट्टी, तिचे नाव ‘झरदेवोर’. कोनाड्यांमधल्या मोकळ्या भिंतीवर रेशमी इकतचा, म्हणजे धागे आधी बांधून-रंगवून मग विणलेल्या कापडाचा, पडदा किंवा ‘सुझनी’, म्हणजे सुईने भरलेले मोठे वस्त्र. खाली गालिचे, त्यांवर कुरपाचा, आणि मध्ये ठेंगणे मेज.

इथली नावे मराठी माणसाला परकी वाटत नाहीत. उशीवरच्या वस्त्राला ‘बोलिनपुश’ म्हणतात, शेगडीवरच्या वस्त्राला ‘संदलीपुश’. आपल्या ‘पलंगपोस’मधला ‘पोस’ हाच. ‘गालिचा’ हा शब्दही आपण फारसीतूनच घेतला, आणि ज्या शब्दापासून तो आला तो ताजिकमध्ये आजही ‘कोलिन’ या रूपात बोलला जातो.

मग हे गालिचे बुखारी ज्यूंनी स्वतः विणलेले असत का?

नाही. सर्वांत मोठा गैरसमज याच ठिकाणी होतो.

जगभरच्या बाजारात ‘बुखारा गालिचा’ म्हणून ओळखला जाणारा लाल गालिचा, ज्यावर अष्टकोनी फुलांच्या सारख्या रांगा असतात, तो बुखारा शहरात विणलेला नव्हता आणि ज्यूंनीही विणलेला नव्हता. तो तुर्कमेन स्त्रियांनी विणलेला असे. टेके, सालोर, सारिक, योमुत, एर्सारी या त्यांच्या टोळ्या. प्रत्येक टोळीची स्वतःची अष्टकोनी खूण, जिला ‘गुल’ म्हणतात. जाणकार माणूस गुल पाहून टोळी ओळखतो. तुर्कमेनिस्तानच्या राष्ट्रध्वजावर उभ्या पट्टीत अशा पाच गुल आहेत, आणि तिथल्या गालिचे विणण्याच्या कलेची २०१९ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली.

हे गालिचे विकायला बुखाराच्या बाजारात येत. कास्पियन समुद्राकडून निघालेला रेल्वेमार्ग १८८८ मध्ये समरकंदपर्यंत पोहोचला आणि मध्य आशियातला माल युरोपात सहज जाऊ लागला. ज्या बाजारातून माल आला त्या बाजाराचे नाव त्याला चिकटले, आणि विणणारीचे नाव मागे राहिले. बुखारी घराच्या भिंतीवरचा गालिचा पाहताना हे लक्षात ठेवणे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. गालिच्याचा अभिमान घरातल्यांनी जरूर बाळगावा, पण त्यातल्या लाखो गाठी वाळवंटाच्या कडेला जमिनीवर आडव्या मागापुढे बसलेल्या दुसऱ्याच कोणा बाईच्या बोटांनी मारलेल्या असतात.

तर मग या वस्त्रांत ज्यूंचा वाटा कोणता?

रंगाचा आणि व्यापाराचा. त्यातही रंगाचा आधी.

बुखारात रंगाऱ्यांच्या कामाची सरळ विभागणी होती. लाल आणि पिवळा रंग उकळत्या पाण्यात चढवतात. ते काम ताजिक कारागिरांकडे असे. निळा रंग मात्र निळीच्या थंड कुंडात चढतो, आणि ते काम जवळजवळ पूर्णपणे ज्यूंच्या हाती होते. निळीचा रंग मोठा विलक्षण: कुंडातून लड बाहेर काढली की ती हिरवट-पिवळी दिसते, आणि हवा लागताच पाहता पाहता निळी होत जाते. एकदा बुडवून फिका, पुन्हा पुन्हा बुडवून गडद. रोज कोपरापर्यंत हात घालून काम करणाऱ्याची बोटे आणि नखे कायमची निळी होत, आणि ज्यू रंगाऱ्यांच्या या निळ्या हातांचा उल्लेख त्या काळच्या प्रवाशांनी केला आहे.

या कुंडातली नीळ कित्येकदा हिंदुस्थानातून जात असे. मुलतान आणि शिकारपूरकडचे व्यापारी बुखारात पेढ्या आणि सराया राखून होते, आणि काबूलमार्गे जाणाऱ्या मालात निळीला चांगले स्थान होते.

इकतचे कापड म्हणजे या विभागणीचा उत्तम नमुना आहे. रेशमाच्या ताण्यावर आधी नक्षी आखायची, मग जिथे रंग नको तिथे दोऱ्याने घट्ट बांधायचे, एका रंगाऱ्याकडे पाठवायचे, सोडायचे, दुसरीकडे बांधायचे, दुसऱ्या रंगाऱ्याकडे पाठवायचे. बांधणीच्या कडेला रंग थोडा झिरपतो आणि नक्षीची कड ढगासारखी धूसर होते. म्हणून या कलेला ‘अब्रबंदी’ म्हणतात, अब्र म्हणजे ढग. पटोळा किंवा पोचमपल्लीची साडी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. एकोणिसाव्या शतकात अशा कापडाच्या अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी शिवून मोठे पडदे केले जात आणि ते घरच्या भिंतींवर टांगले जात. मुसलमान आणि ज्यू कारागिरांचे हात एकाच कापडावर फिरल्याशिवाय ते कापड पुरे होत नसे.

सुझनी म्हणजे काय? ती गालिच्याहून वेगळी कशी?

‘सुझन’ म्हणजे सुई. सुझनी म्हणजे सुईने भरलेले मोठे वस्त्र. गालिचा मागावर गाठी मारून तयार होतो. सुझनी हे सुती कापडावरचे रेशमी भरतकाम असते. नुराता, बुखारा, शहरिसब्ज, समरकंद अशा प्रत्येक गावाची भरण्याची धाटणी वेगळी.

जुनी सुझनी हाताशी आली तर ती जवळून पाहावी. खालचे कापड, ‘करबोस’, हातमागावरचे असून त्याचा पन्हा फारच कमी असतो. म्हणून चार-पाच पट्टे कच्च्या टाक्यांनी जोडत, त्यावर ‘कलमकश’ म्हणजे आखणी करणारी अनुभवी स्त्री फुलांची चक्रे, डाळिंबे, वेली काढून देई, आणि नंतर पट्टे पुन्हा सुटे करून घरातल्या मुलीबाळींत, मावश्या-आत्यांत वाटले जात. प्रत्येकीचा हात वेगळा, रेशीम रंगवलेली वेळ वेगळी. सगळे पट्टे भरून झाले की पक्के शिवत, आणि तेव्हा लक्षात येई की एका पट्ट्यावरचे अर्धे फूल शेजारच्या अर्ध्या फुलाशी नीट जुळत नाही: इकडची पाकळी बोटभर वर गेली आहे, तिकडचा लाल जरा विटकरी आहे. शिवण लपवण्याचा प्रयत्न कोणी करत नसे. आजच्या यंत्रावरच्या सुझनीत फुले तंतोतंत जुळतात. आमच्या मते जुन्या कामाचे सारे सौंदर्य त्या न जुळलेल्या पाकळीत आहे.

पुष्कळ सुझन्यांत एखादा कोपरा किंवा एखादे पान मुद्दाम न भरता सोडलेले असते. काम पूर्ण झाले की आयुष्यही पूर्ण झाले असे होऊ नये, अशी त्यामागची समजूत सांगितली जाते.

ज्यू घरातली सुझनी आणि मुसलमान घरातली सुझनी नुसते वस्त्र पाहून सहसा ओळखू येत नाही.

या वस्त्रांचा लग्नाशी काय संबंध आहे?

फार जवळचा. सुझनी मुळात मुलीच्या लग्नाच्या सामानातली वस्तू. मुलगी लहान असतानाच आई आणि आजी भरायला घेत, आणि लग्नापर्यंत एक मोठी सुझनी, बोलिनपुश, चादर, झरदेवोर असा संच तयार करण्याचा प्रयत्न असे. काही वस्त्रे एरवी पेटीत राहत आणि सणासमारंभालाच भिंतीवर चढत. नव्या जोडप्याच्या खोलीच्या भिंती या वस्त्रांनी झाकणे म्हणजे ती खोली त्यांच्या नावाची करणे. माहेरहून आलेले रुखवत आपल्याकडे मांडून ठेवतात, पाहुणे ते फिरून पाहतात. इथे रुखवत भिंतीवर मांडले जाई, एवढाच फरक.

पुढे सोव्हिएत काळात भरतकामाला वेळ देणे कठीण झाले, तेव्हा सुझनीची जागा गालिच्याने बरीचशी घेतली. मुलीच्या लग्नासाठी गालिचा घेऊन ठेवणे ही मग आईबापांची काळजी झाली.

यामागे धार्मिक नियम आहे का?

नाही. घरच्या भिंतीवर गालिचा टांगा असे ज्यू धर्मशास्त्र कुठेही सांगत नाही. पण एका सणात या प्रथेला धार्मिक जागा मिळते, आणि तो भाग आम्हाला सर्वांत हृद्य वाटतो.

शरद ऋतूत ‘सुक्कोत’ हा सण येतो. इजिप्तमधून बाहेर पडल्यावर पूर्वजांनी रानात झोपड्यांत दिवस काढले, त्याची आठवण म्हणून अंगणात तात्पुरता मांडव, ‘सुक्का’, उभारायचा आणि सात दिवस त्यात जेवायचे. छप्पर झाडाच्या फांद्यांचे, आणि त्यातून आकाश दिसले पाहिजे. भिंती कशाच्याही चालतात. बुखारी ज्यूंनी या भिंतींवर घरातले सर्वांत चांगले गालिचे, सुझन्या आणि रेशमी कापडे आणून टांगली. समरकंदमधल्या अशा सुक्क्याची जुनी छायाचित्रे उपलब्ध आहेत. वर फांद्या आणि तारे, बाजूंना डाळिंबांनी भरलेली रेशमी भिंत, खाली दस्तरखान, म्हणजे जेवणासाठी अंथरलेले कापड, आणि त्याभोवती जरीचे अंगरखे घालून बसलेली मंडळी. वाळवंटातल्या झोपडीची आठवण म्हणून बांधलेली जागा वर्षातली सर्वांत श्रीमंत खोली होते.

सिनेगॉगमध्येही, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहातही, गालिचे असतातच, आणि गेलेल्या माणसाच्या नावाने तिथे वस्त्र अर्पण करण्याची रीत आहे.

थंडीपासून बचाव हे कारण मग कितपत खरे?

बरेच खरे. बुखाराचा उन्हाळा भाजून काढणारा, पण जानेवारीत रात्री पारा शून्याच्या खाली जातो. जुन्या घरात उबेचे साधन म्हणजे ‘संदली’: जमिनीतल्या खड्ड्यात निखारे, त्यावर ठेंगणे मेज, मेजावर जाड रजई, आणि सगळ्यांचे पाय त्या रजईखाली. पाय उबदार, पण पाठ थंडगार मातीच्या भिंतीला. अशा वेळी पाठीमागे लोकरीचा किंवा कापडाचा थर असला की भिंतीचा गारवा अंगाला भिडत नाही आणि मातीचा गिलावा कपड्यांना लागत नाही. लोकरीत हवा अडकून राहते आणि ती हवाच थंडी अडवते.

पण नुसती थंडीच अडवायची असती तर जाडाभरडा नमदा पुरला असता. त्यासाठी डाळिंबे भरायची गरज नव्हती.

सोव्हिएत काळात या प्रथेचे काय झाले?

ती कमी झाली नाही, उलट साऱ्या सोव्हिएत संघात पसरली. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ठिकठिकाणी काँक्रीटच्या तयार भिंती जोडून चार-पाच मजली इमारती उभ्या राहू लागल्या. ताश्कंदमध्ये तर २६ एप्रिल १९६६ च्या भूकंपाने जुन्या मातीच्या घरांचे मोहल्ले उद्ध्वस्त झाले आणि शहराचा मोठा भाग नव्याने बांधावा लागला. त्याच वर्षी ११ जानेवारीला लालबहादूर शास्त्रींचे त्या शहरात निधन झाले होते. शास्त्रीजींनी पाहिलेले ताश्कंद आणि नंतरचे ताश्कंद यांत हा भूकंप उभा आहे.

अंगणाच्या घरातून दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलेल्या कुटुंबाकडे कोनाडे उरले नाहीत, गादीची चळत झाकायला जागा उरली नाही, आणि शेजाऱ्याचा रेडिओ पातळ भिंतीतून स्पष्ट ऐकू येऊ लागला. उरली ती एक मोठी कोरी भिंत. तिच्यावर दोन मीटर बाय तीन मीटरचा लोकरी गालिचा टांगला की आवाज दबे, गारवा कमी होई आणि खोली पुन्हा मेहमोनखोन्यासारखी दिसे. शिवाय चांगला गालिचा दुकानात सहज मिळत नसे. त्यासाठी नाव नोंदवावे लागे, ओळख लागे, पैसे साठवावे लागत. मिळाल्यावर तो पायाखाली कोण घालणार? भिंतीवर तो झिजत नाही, आणि आलेल्या प्रत्येकाला दिसतो. त्या काळातल्या असंख्य कौटुंबिक छायाचित्रांत मागे गालिचाच आहे: सुटातले आजोबा, मांडीवर नातू, आणि दोघांच्या डोक्यांमागे अष्टकोनांची रांग.

गालिचा भिंतीवर टांगतात तरी कसा?

गालिच्याच्या वरच्या कडेला मागून जाड सुती पट्टी शिवतात आणि तिला थोड्या थोड्या अंतरावर कड्या किंवा नाडीचे फास लावतात. भिंतीत तेवढेच खिळे. वजन अनेक ठिकाणी विभागले गेले नाही तर वरची कड लाटांसारखी लोंबते. गालिच्याच्या केसांचा कल खालच्या दिशेला ठेवावा, म्हणजे धूळ साचण्याऐवजी खाली उतरते. पेसाख या वसंतातल्या सणाआधी ज्यू घराचा कोपरा न् कोपरा साफ करतात, आणि आपल्याकडे दिवाळीपूर्वी निघतात तसे हे गालिचेही खाली उतरवून, अंगणात नेऊन झोडपले जातात.

स्थलांतर करताना लोकांनी एवढे जड गालिचे सोबत का नेले?

पहिले कारण व्यवहाराचे. सोव्हिएत संघ सोडताना रोख पैसा बाहेर नेण्यावर कडक मर्यादा होत्या. गालिचा ही किंमत टिकवणारी आणि वेळ आल्यास विकता येणारी वस्तू होती. पण फार जुन्या वस्तू देशाबाहेर काढण्याची परवानगी मिळत नसे, त्यामुळे आजीच्या सुझनीऐवजी कारखान्यातला गालिचाच गाठोड्यात आला, असे पुष्कळ घरांत घडले.

दुसरे कारण आम्हाला अधिक खोलवरचे वाटते. घर सोडताना भिंत नेता येत नाही, अंगण नेता येत नाही, तुतीचे झाड नेता येत नाही. गालिचा मात्र गुंडाळून खांद्यावर घेता येतो, आणि परक्या शहरात भाड्याच्या खोलीत चार खिळे ठोकून उलगडला की भिंत ओळखीची होते. तंबूतल्या लोकांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १८९१ मध्ये जेरुसलेममध्ये बुखारी मोहल्ला वसवणारे धनाढ्य व्यापारी असोत किंवा शंभर वर्षांनी क्वीन्समध्ये उतरलेले शिक्षक आणि न्हावी असोत, ज्या खोलीत गालिचा टांगला गेला तिथेच त्यांनी पाहुण्यांना बसवले.

नवी पिढी ही प्रथा पाळते का?

पुष्कळ तरुण घरांत भिंती आता रिकाम्या आणि पांढऱ्या असतात. धुळीची ॲलर्जी, लहान घरे, आणि ‘सोव्हिएत’ दिसण्याचा संकोच ही त्याची कारणे. सुझनीच्या वाट्याला मात्र चांगले दिवस आले आहेत. चौकटीत बसवून, लग्नाच्या मांडवामागे किंवा सुक्क्याच्या भिंतीवर ती पुन्हा दिसू लागली आहे. आजी-आजोबांचा गालिचा टाकून देण्याचा विचार असेल, तर त्याआधी त्याची उलटी बाजू एकदा अवश्य पाहावी. मागे प्रत्येक गाठ सुटी आणि किंचित वेडीवाकडी दिसत असेल, तर तो हाताने विणलेला असण्याचा संभव मोठा आहे.

आपल्याकडच्या बेने इस्राएल घरांत अशी रीत होती का?

नव्हती. कोकणातल्या मराठी भाषक बेने इस्राएल ज्यू कुटुंबांच्या भिंतीवर एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, यांचे चित्र हमखास आढळते. लोकरीचा गालिचा नाही. कोकणाच्या दमट हवेत तो एका पावसाळ्यातच कुबट झाला असता.

भारतातल्या दुकानांत ‘बुखारा’ नावाने मिळणारा गालिचा कोणता?

बहुतेक वेळा तो टेके टोळीच्या गुलची नक्कल असलेला, पाकिस्तानात किंवा आपल्याकडे भदोहीच्या परिसरात विणलेला गालिचा असतो. त्यात वाईट काही नाही. विणकाम उत्तम असू शकते. ‘बुखारा’ हे तिथे नक्षीचे नाव आहे, गावाचे नव्हे, एवढे ध्यानात ठेवून किंमत ठरवावी.

पुण्या-मुंबईच्या घरात असा गालिचा किंवा सुझनी टांगता येईल का?

येईल, पण काळजी घेऊन. लोकरीचे दोन शत्रू: ओल आणि कसर. बाहेरच्या, पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीवर गालिचा कधीही टांगू नये. आतली कोरडी भिंत निवडावी, आणि मागे लाकडी पट्ट्या ठोकून बोटभर हवा खेळती ठेवावी. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर तो उतरवून, सुती चादरीत गुंडाळून, कोरड्या जागी ठेवणेच बरे. प्लास्टिकमध्ये बांधू नये, ओल आतच कोंडते. वाळलेला कडुनिंबाचा पाला सोबत ठेवण्याची आपली जुनी रीत आहेच, पण ती एकटी पुरत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी उलगडून, झटकून, सावलीत वारा द्यावा लागतो. सुझनीचे रेशीम थेट उन्हात झपाट्याने विटते आणि जुना लाल पाण्यात सुटू शकतो, म्हणून ती घरी धुण्याचा प्रयोग करू नये.

प्रत्यक्ष पाहायचे असेल तर कुठे जावे?

बुखारात मगोकी-अत्तोरी ही जुनी मशीद आता गालिच्यांचे संग्रहालय आहे. सिनेगॉग बांधले जाण्यापूर्वी ज्यू लोक याच वास्तूत प्रार्थना करत, अशी कथा तिथे सांगतात. शहराबाहेरच्या सितोराई मोही-खोसा या अमिराच्या उन्हाळी राजवाड्यात सुझन्यांचा सुंदर संग्रह आहे. समरकंदमध्ये कलोनतारोव या ज्यू व्यापाऱ्याच्या वाड्यात प्रादेशिक संग्रहालय आहे, आणि तिथले रंगवलेले छत व भिंती पाहिल्या की मेहमोनखोन्याचे वर्णन निराळे वाचावे लागत नाही. जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आणि क्वीन्समधल्या बुखारी ज्यू संग्रहालयातही ही वस्त्रे आहेत.

उझबेकिस्तानातून जुनी सुझनी किंवा गालिचा विकत आणणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: ५० वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर तिथे निर्बंध आहेत, आणि वस्तू जुनी नसली तरी ती तशी नाही हे दाखवणारा कागद विमानतळावर मागितला जाऊ शकतो. तो कागद आणि खरेदीची पावती दुकानदाराकडून तिथल्या तिथे मागून घ्यावी.